विश्लेषण : जेसीबीच्या ताकदीचे मूळ चामड्याच्या एका कडीत? कोण होते हायड्रॉलिक प्रेसचे जनक जोसेफ ब्रामा?

दाबाचा नियम पुस्तकात होता, पंप होता, सिलिंडरही होता. तरीही हायड्रॉलिक यंत्र प्रत्यक्षात यायला 1795 साल उजाडावे लागले. या यंत्राचा प्रत्येक भाग नेमके काय करतो, आणि पायाने अधू झालेल्या एका सुताराने तो कसा जुळवून आणला?

रस्त्याच्या कडेला जेसीबी खोदकाम करत असेल, तर चार माणसे थांबून पाहतातच. 2019 मध्ये तर जेसीबीच्या खोदकामाचे व्हिडिओ पाहण्याचे वेडच देशभर पसरले होते. चालक दोन बोटांनी लिव्हर हलवतो आणि समोरचा लोखंडी हात टणक मुरूम पोखरून काढतो. इंजिनाची ताकद त्या हातापर्यंत ना साखळीने पोहोचते, ना गिअरने. ती पोहोचते काळ्या रबरी नळ्यांमधून वाहणाऱ्या तेलाने.

खडीचा डंपर मागून उचलणारा जॅक, गाडीचे ब्रेक, गॅरेजमधली लिफ्ट, विदर्भ-खानदेशातल्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत 170 किलोची कापसाची गाठ आवळणारा प्रेस, ही सगळी याच घराण्यातली यंत्रे. या घराण्याचे मूळपुरुष म्हणजे इंग्लंडमधील कारागीर जोसेफ ब्रामा. त्यांचे पेटंट 1795 चे. मात्र, ज्या छोट्या भागामुळे हे यंत्र खऱ्या अर्थाने चालू लागले, त्याचे श्रेय आज बहुतेकदा त्यांच्या कारखान्यातील एका पगारी कामगाराला दिले जाते.

ब्रामा कोण होते?

जोसेफ ब्रामा यांचा जन्म एप्रिल 1748 मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, बार्न्सलीजवळच्या स्टेनबरो येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. घरची शेती पुढे चालवायची, हे ठरल्यासारखेच होते. पण वयाच्या सोळाव्या वर्षी पायाच्या घोट्याला गंभीर दुखापत झाली आणि नांगरामागे चालणे कायमचे बंद झाले. बसून करता येईल असे काम शोधणे भाग पडले. त्यांना गावातल्याच सुताराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले.

उमेदवारी संपल्यावर ब्रामा लंडनला गेले आणि फर्निचर बनवणाऱ्यांकडे काम करू लागले. त्या काळात श्रीमंतांच्या घरांत पाण्याने धुतली जाणारी शौचकूपे बसवण्याची नवी टूम निघाली होती. लाकडी पेटीत ती बसवण्याचे काम सुतारांकडे येई. ब्रामा यांच्या लक्षात आले, की या शौचकूपांच्या तळाशी असलेली सरकती झडप नीट बंद होत नाही आणि थंडीत पाणी गोठले की ती अडकून बसते. त्यांनी सरकत्या झडपेच्या जागी बिजागरीवर उघडणारी झडप बसवली आणि 1778 मध्ये तिचे पेटंट घेतले.

आज हे वाचताना हसू येईल. पण हायड्रॉलिक यंत्राच्या दृष्टीने ही मोलाची तालीम होती. पाणी अडवायचे, हवे तेव्हाच सोडायचे आणि एरवी थेंबभरही गळू द्यायचे नाही, हा प्रश्न ब्रामा यांना आयुष्यभर पुरला.

कुलूप आणि 200 गिनींचे आव्हान

1784 मध्ये त्यांनी एका नव्या प्रकारच्या कुलपाचे पेटंट घेतले. नळीसारखी किल्ली, आत वेगवेगळ्या खोलीवर दाबल्या जाणाऱ्या पट्ट्या, आणि त्या सगळ्या एकाच वेळी नेमक्या जागी आल्या तरच उघडणारे कुलूप. लंडनच्या पिकॅडिली भागातील दुकानाच्या खिडकीत त्यांनी एक कुलूप टांगले आणि ते किल्लीविना उघडणाऱ्याला 200 गिनींचे बक्षीस जाहीर केले. हे आव्हान सहा दशके टिकले. अखेर 1851 मध्ये अमेरिकी कुलूपतज्ज्ञ ए. सी. हॉब्ज यांनी ते उघडले. त्यासाठी 16 दिवसांत विभागलेले 51 तास लागले.

या कुलपाची अडचण वेगळीच होती. त्याचे भाग इतके काटेकोर असावे लागत, की हाताने घासून ते बनवणे परवडत नसे. कुशल हात हवे होते. 1789 मध्ये ब्रामा यांना वूलिचच्या शस्त्रागारात काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले या 18 वर्षांच्या पोऱ्याचे नाव कळले. वयाच्या बाराव्या वर्षापासून काडतुसे भरण्याचे काम करत मॉडस्ले पुढे लोहारकामात शिरला होता. सात वर्षांची रीतसर उमेदवारी न केलेल्या मुलाला घ्यावे कसे, अशी कुरकुर कारखान्यात झाली. तेव्हा त्याने एक मोडका, झिजलेला पकडशेगडा एका दिवसात नव्यासारखा करून दाखवला आणि नोकरी मिळवली, असे सांगितले जाते. काही वर्षांतच तो कारखान्याचा मुख्य कारागीर झाला. कुलपाचे भाग यंत्रावर बनवण्याची हत्यारेही त्यानेच घडवली.

नियम होता, मग यंत्र का नव्हते?

हायड्रॉलिक यंत्राचा पाया असलेला नियम शाळेच्या पुस्तकात असतो. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो द्रवात सगळीकडे सारखाच पोहोचतो. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी हे मांडले. 1662 मध्ये, अवघ्या 39 व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि द्रवांच्या समतोलावरील त्यांचा ग्रंथ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. एका भांड्याला दोन तोंडे असतील आणि एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट मोठे असेल, तर लहान तोंडावर एका माणसाने लावलेला जोर मोठ्या तोंडावर शंभर माणसांच्या जोराला पुरून उरेल, इतके स्पष्ट गणित त्यात होते.

म्हणजे 1663 मध्ये तत्त्व छापून तयार होते. ब्रामा यांचे पेटंट आले 1795 मध्ये. मधली 132 वर्षे काय झाले? कागदावर सगळे होते, पण प्रत्यक्षातले भांडे गळत होते.

हायड्रॉलिक प्रेसचे भाग कोणते?

ब्रामा यांच्या प्रेसमध्ये आजच्या जॅकचे सगळे मुख्य भाग दिसतात. एकेक करून पाहू.

टाकी : यात पाणी साठवलेले असते. आजच्या यंत्रात तेल असते. पंप इथूनच द्रव ओढतो आणि काम झाल्यावर द्रव इथेच परत येतो.

पंप : लहान व्यासाचा एक दट्ट्या वर-खाली होतो. तो वर गेला की टाकीतले पाणी आत येते, खाली आला की पाणी पुढे ढकलले जाते. दट्ट्या लांब दांड्याने दाबला जातो, त्यामुळे हाताचा जोर आधीच काही पट वाढतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पंप स्वतः दाब तयार करत नाही, तो फक्त द्रव पुढे ढकलतो. समोर ओझ्याचा अडथळा असला की दाब वाढतो. ओझेच नसेल, तर पंप कितीही चालवला तरी दाब चढत नाही.

एकदिशा झडपा : पंपाला दोन झडपा असतात. एक टाकीकडून आत येताना उघडते, दुसरी सिलिंडरकडे जाताना. दोन्ही एकाच दिशेला उघडतात. या झडपांमुळेच दट्ट्या वर घेतला तरी पुढे गेलेले पाणी मागे येत नाही. गाडीचा जॅक मारताना दांडा वर नेला तरी गाडी खाली का येत नाही, याचे उत्तर हेच.

सिलिंडर आणि रॅम : जाड भिंतीच्या सिलिंडरमध्ये मोठ्या व्यासाचा रॅम बसवलेला असतो. पंपातून आलेले पाणी त्याच्या तळाशी जमते आणि त्याला वर ढकलते. काम करणारा भाग हाच.

मोकळी करण्याची झडप : काम झाले की ही उघडायची. सिलिंडरमधले पाणी टाकीत परत जाते आणि रॅम खाली येतो.

आता साधे गणित करू. पंपाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ 1 चौरस सेंटिमीटर आणि रॅमचे 300 चौरस सेंटिमीटर आहे, असे समजा. दांड्यावर 10 किलोचा जोर दिला आणि दांड्यामुळे तो 10 पट झाला, तर दट्ट्यावर 100 किलो भार येतो. पाण्यातला दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला 100 किलो. हाच दाब रॅमच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडतो. म्हणजे रॅम 30 हजार किलो, अर्थात 30 टन जोराने वर जातो. दहा किलोंचे झाले तीस टन.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. दट्ट्या 15 सेंटिमीटर खाली दाबला, तर पंपातून 15 घनसेंटिमीटर, म्हणजे स्वयंपाकघरातला एक मोठा चमचाभर पाणी पुढे जाते. तेवढ्या पाण्याने 300 चौरस सेंटिमीटरचा रॅम किती वर चढेल? फक्त अर्धा मिलिमीटर. पाच सेंटिमीटर उचलायला 100 वेळा पंप मारावा लागेल.

गळतीचा प्रश्न इतका गंभीर का?

वरच्या गणितातच याचे उत्तर आहे. एका फेरीला चमचाभर पाणी आत जाते. रॅमच्या कडेने तेवढ्याच वेळात चमचाभर पाणी बाहेर आले, तर रॅम तसूभरही हलणार नाही. माणूस घामाघूम होईल आणि ओझे जागेवरच राहील. जितका दाब जास्त, तितके पाणी फटीतून जोराने बाहेर पडणार. म्हणजे यंत्राची ताकद वाढवायला जावे, तशी गळतीही वाढत जाणार.

फट बुजवायची तर त्या काळी एकच उपाय माहीत होता. दांड्याभोवती तागाची किंवा तत्सम दोरी गुंडाळायची आणि ती वरून घट्ट आवळायची. शेतातल्या विहिरीवरच्या पंपाला आजही ग्लँड दोरी भरतात, तोच हा प्रकार. पण प्रेसमध्ये दाब कितीतरी अधिक होता. दोरी सैल ठेवली, तर पाणी फवाऱ्यासारखे उडे. पाणी थांबेल इतकी आवळली, तर रॅम तिथेच जखडून बसे आणि दाब काढल्यावरही खाली येत नसे. सैल आणि घट्ट यांच्यामधली जागा सापडतच नव्हती. पेटंट हातात होते, पण यंत्र बाजारात न्यावे असे नव्हते.

चामड्याच्या कडीने काय केले?

तोडगा निघाला तो चामड्याच्या कडीच्या रूपात. सिलिंडरच्या गळ्यात एक खाच कोरायची आणि तिच्यात चामड्याची अशी कडी बसवायची, जिचा छेद उलट्या यू अक्षरासारखा असेल. यू चे उघडे तोंड पाण्याच्या बाजूला. एक ओठ रॅमला टेकलेला, दुसरा सिलिंडरच्या भिंतीला.

आता पंप सुरू केला की दाबाचे पाणी त्या यू मध्ये शिरते आणि दोन्ही ओठ फाकवते. आतला ओठ रॅमवर आणि बाहेरचा भिंतीवर दाबला जातो. दाब जितका वाढेल, तितकी कडी अधिक घट्ट बसते. दाब काढला की चामडे सैल पडते आणि रॅम अलगद खाली येतो. जे पाणी बाहेर पळू पाहत होते, त्यालाच दार लावायच्या कामाला जुंपण्यात आले.

सायकलचा हवा भरायचा पंप किंवा जुन्या रॉकेलच्या स्टोव्हचा पंप ज्यांनी उघडून पाहिला आहे, त्यांना ही युक्ती लगेच ओळखू येईल. त्यातले वाटीच्या आकाराचे चामडी वॉशर याच तत्त्वावर हवा अडवते. वॉशर वाळले की पंप मारूनही हवा जात नाही, आणि तेलाचे दोन थेंब सोडून ओठ मऊ केले की पुन्हा दाब धरतो.

श्रेय कोणाचे?

पेटंट ब्रामा यांच्या नावावर होते आणि हा प्रेस आजही ब्रामा प्रेस म्हणूनच ओळखला जातो. ही आपोआप घट्ट होणारी कडी मात्र मॉडस्ले यांची, असे त्यांच्या हाताखाली पुढे काम केलेले अभियंते जेम्स नॅस्मिथ यांनी नोंदवून ठेवले. 19 व्या शतकातील चरित्रकार सॅम्युअल स्माइल्स यांनीही तेच लिहिले. यावर नंतर वादही झाले. पण मॉडस्ले तेव्हा कारखान्याचे मुख्य कारागीर होते आणि प्रेस त्यांच्या देखरेखीखाली घडत होता, याबद्दल दुमत नाही.

या काळात मॉडस्ले यांचा पगार आठवड्याला 30 शिलिंग होता. त्यांचे लग्न ब्रामा यांच्याच घरी काम करणाऱ्या सारा टिंडेल यांच्याशी झाले होते आणि संसार वाढत होता. 1797 मध्ये त्यांनी पगारवाढ मागितली. ब्रामा यांनी ती नाकारली. मॉडस्ले यांनी नोकरी सोडली आणि लंडनमधील ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ स्वतःचे छोटे वर्कशॉप थाटले.

पुढे काय झाले, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासात ठळकपणे नोंदलेले आहे. मॉडस्ले यांनी अचूक आटे पाडणारे लेथ घडवले. पोर्ट्‌समथच्या नौदल गोदीत जहाजांच्या कप्प्या बनवणारी यंत्रे त्यांनी मार्क ब्रुनेल यांच्यासाठी तयार केली. ब्रिटनमधील यंत्र-हत्यार उद्योगाचा पाया ज्यांनी घातला, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांच्या वर्कशॉपमधून रिचर्ड रॉबर्ट्‌स, जोसेफ व्हिटवर्थ आणि नॅस्मिथ यांच्यासारखे अभियंते घडून बाहेर पडले. काही शिलिंग वाचवताना ब्रामा यांनी काय गमावले, याचा हिशेब त्यांच्या वहीत कुठे मांडला गेला असेल, असे वाटत नाही.

ब्रामा यांची दुसरी बाजू

ब्रामा यांनी 1778 ते 1812 या काळात 18 पेटंटे घेतली. दारूच्या गुत्त्यात तळघरातील पिंपातून बिअर वर खेचणारा पंप, लाकूड रंधणारे यंत्र, बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर क्रमांक छापणारे यंत्र ही त्यांपैकी काही. नोटांवर हाताने क्रमांक लिहिण्याचे अनेक कारकुनांचे काम त्या यंत्राने वाचवले.

स्वतःच्या पेटंटांबाबत दक्ष असलेले ब्रामा दुसऱ्याच्या पेटंटावर मात्र तुटून पडले. वाफेच्या इंजिनासंबंधी जेम्स वॉट यांच्या पेटंटवरून खटला चालू असताना त्यांनी वॉट यांच्या विरोधात साक्ष दिली. वॉट यांनी पेटंट घेताना यंत्राचा तपशील पुरेसा उघड केलेला नाही, असा त्यांचा आक्षेप होता. 1797 मध्ये त्यांनी न्यायाधीशांना उद्देशून आपले म्हणणे पुस्तिकेच्या रूपात छापले. हे तेच वर्ष, ज्या वर्षी मॉडस्ले यांनी त्यांचा कारखाना सोडला.

1812 च्या पेटंटमध्ये त्यांनी आणखी मोठे स्वप्न मांडले. एका ठिकाणी पंप बसवायचे, शहरभर जाड नळ टाकायचे आणि दाबाचे पाणी घरोघरी, कारखान्यांत ताकद म्हणून पुरवायचे. आज आपण वीज घेतो, तसे. ते त्यांच्या हयातीत घडले नाही.

अखेरचे कामही प्रेसचेच

1814 च्या अखेरीस हॅम्पशायरमधील होल्टच्या जंगलात झाडे मुळासकट उपटण्याचे काम निघाले. त्यासाठी ब्रामा यांचा प्रेस वापरला जात होता. तीनशेहून अधिक मोठी झाडे या यंत्राने जमिनीतून वर काढली. वय 66, पाय अधू, हवा थंड. तरीही कामावर देखरेख करायला ते स्वतः हजर होते. तिथेच त्यांना जबरदस्त थंडी बाधली. 9 डिसेंबर 1814 रोजी लंडनच्या पिमलिको भागात त्यांचे निधन झाले.

ब्रामा यांच्यानंतर कोणते भाग आले?

ब्रामा यांच्या प्रेसमध्ये एक उणीव होती. पंप मारला तरच दाब मिळे. बंदरातल्या क्रेनला मात्र थोड्या वेळासाठी प्रचंड ताकद लागते आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्यासाठी दाब साठवता यायला हवा. न्यूकॅसलचे विल्यम आर्मस्ट्राँग यांनी हे केले. पेशाने वकील असलेल्या या गृहस्थांनी 1840 च्या दशकात पाण्यावर चालणारी क्रेन उभारली. सुरुवातीला दाबासाठी उंच टाकी लागे. 1852 मध्ये ग्रिम्सबी बंदरात त्यासाठी सुमारे 94 मीटर उंचीचा मनोराच बांधला गेला. पण पाण्याच्या 10 मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 1 किलो दाब मिळतो. मनोरा किती उंच बांधणार?

आर्मस्ट्राँग यांनी युक्ती बदलली. उभ्या सिलिंडरमधल्या रॅमवर दगड-लोखंडाचे अवजड वजन ठेवायचे. पंप सावकाश चालून ते वजन उचलत राहतो. क्रेनला ताकद लागली की वजन खाली येते आणि साठलेले पाणी त्याच दाबाने झटकन बाहेर ढकलते. हा अ‍ॅक्युम्युलेटर. आजच्या यंत्रांत वजनाच्या जागी बहुधा नायट्रोजन वायूची कुपी असते, काम तेच.

1880 च्या दशकात लंडनमध्ये दाबाच्या पाण्याचे नळ खरोखरच टाकले गेले. दर चौरस सेंटिमीटरला 50 किलोच्या आसपासच्या दाबाने ते लिफ्ट, क्रेन आणि नाट्यगृहांचे पडदे चालवत. ही सेवा 1977 पर्यंत सुरू होती. ब्रामा यांची 1812 ची कल्पना त्यांच्यानंतर सात दशकांनी शहराच्या पोटात शिरली होती.

ताकद वाढली तसे धोकेही दिसले. वेल्समध्ये ब्रिटानिया पुलाच्या दीड हजार टनांच्या आसपासच्या लोखंडी नळ्या हायड्रॉलिक प्रेसने उचलल्या जात असताना ऑगस्ट 1849 मध्ये एका प्रेसच्या सिलिंडरचा तळ फुटला. नळी जसजशी वर जाईल, तसतसा खाली पक्का आधार रचत जायचा, असा अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांचा आग्रह होता. त्यामुळे ती नळी काही इंचच खाली आली आणि मोठा विनाश टळला. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड न लावता शिरू नये, हा गॅरेजमधला नियम त्याच शहाणपणाचा आहे.

आजच्या जेसीबीत हे भाग कुठे असतात?

पाण्याची जागा 20 व्या शतकात तेलाने घेतली. तेल गोठत नाही, लोखंडाला गंज चढू देत नाही आणि फिरत्या भागांना वंगणही देते. हाताच्या दांड्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. बाकी कुळ तेच आहे.

इंजिन पंप फिरवते. पंप टाकीतले तेल ओढून कंट्रोल व्हॉल्व्हकडे पाठवतो. चालकाच्या हातातला लिव्हर याच व्हॉल्व्हमधला दांडा सरकवतो आणि तेल कोणत्या सिलिंडरच्या कोणत्या टोकाला जायचे, ते ठरते. ब्रामा यांचा रॅम एकाच बाजूने ढकलला जाई. इथे पिस्टनच्या दोन्ही बाजूंना तेल देता येते, म्हणून बकेट जोराने उघडते आणि जोराने मिटतेही. एका बाजूने तेल आत येते, तेव्हा दुसऱ्या बाजूचे तेल व्हॉल्व्हमधून, फिल्टरमधून गाळून टाकीत परतते.

बकेट मोठ्या खडकाला अडली आणि चालकाने लिव्हर सोडला नाही तर? पंप तेल ढकलतच राहणार, दाब चढत जाणार, आणि नळी किंवा सिलिंडर फुटणार. हे टाळण्यासाठी रिलीफ व्हॉल्व्ह असतो. ठरावीक दाबाला तो उघडतो आणि जादा तेल टाकीत सोडतो. प्रेशर कुकरच्या शिट्टीचे काम तो करतो. अशा यंत्रांत दाब साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला 200 ते 250 किलोपर्यंत असतो. 10 सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरवर 200 किलोच्या दाबाने 15 टनांहून अधिक जोर मिळतो. इतक्या दाबाचे तेल सुईएवढ्या छिद्रातून उडाले, तर थेट कातडीत घुसते. म्हणून चालू यंत्राच्या नळीवरून हात फिरवून गळती शोधायची नसते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरतात.

आणि ती कडी? ती अजूनही आहे. चामड्याच्या जागी रबर आणि पॉलियुरेथेन आले. गोल छेदाच्या रबरी ओ-रिंगचे पेटंट निल्स क्रिस्टेन्सन यांना अमेरिकेत 1939 मध्ये मिळाले. पण जेसीबीच्या सिलिंडरमधून बाहेर येणाऱ्या चकचकीत दांड्याभोवती बसवलेल्या सीलचा छेद पाहिला, तर आजही बहुतेकदा तोच यू दिसतो. उघडे तोंड दाबाच्या बाजूला, एक ओठ दांड्यावर, एक भिंतीवर. त्याच्या पुढे चिखल खरवडणारी आणखी एक कडी असते, कारण दांड्याला चिकटलेला मातीचा एक कण आत गेला तरी सीलचा ओठ कापला जातो.

उचललेला जॅक रात्रभरात हळूहळू खाली बसू लागला किंवा जेसीबीचा हात उभ्या उभ्या झुकू लागला, की मेकॅनिक आधी सील तपासतो आणि मग झडपा. सिलिंडर बदलायचा खर्च बहुतेक वेळा येत नाही. सुट्या भागांच्या दुकानात सील किट मिळते. कडा काळजीपूर्वक बसवल्या, तोंड योग्य दिशेला ठेवले, की यंत्र पुन्हा दाब धरते. तोंड उलटे बसले, तर मात्र पहिल्याच झटक्याला तेल बाहेर येते.